कंबरेच्या उंचीचा चेंडू

टेनिसवाल्यांच्या जगात त्याला सगळे भिंत म्हणत. आईवडिलांनी चांगलं नाव ठेवलं होतं, पण ते पासपोर्टपुरतं उरलं. कारण साधं होतं. त्याच्याकडे काहीही मारा, ते परत यायचं. जोरात मारा, वाकडं मारा, रागाच्या भरात मारा, चेंडू आपला नेटवरून परत, आणि तोही समोरच्याला हवा तिथं. असल्या माणसाचं कौतुक सगळे तोंडभर करतात आणि फोटो काढायची वेळ आली की त्यालाच म्हणतात, जरा बाजूला होता का.

आठ वर्षं तो एका चॅम्पियनचा सरावाचा जोडीदार होता. हे काम म्हणजे नेमकं काय, हे बाहेरच्या माणसाला समजावताना त्याच्या नाकी नऊ येत. "म्हणजे तुम्ही त्याच्याशी खेळता?" हो. "मग कधी जिंकता की नाही?" आता यावर काय बोलणार, कपाळ! जिंकायचं नसतंच. उद्या चॅम्पियनची गाठ तिरक्या रॅकेटनं कापलेले चेंडू मारणाऱ्याशी असेल, तर आज कापलेले मारायचे. परवा कोणी उंच उसळते मारणारा असेल, तर तसे मारायचे. दुसऱ्यांच्या नकला करता करता आपला स्वतःचा फटका कोणता होता हे आठवायला सवड कुणाला?

पण खरं काम मॅचच्या आधीच्या अर्ध्या तासाचं. चॅम्पियन जगासाठी मोठा असला तरी त्या अर्ध्या तासात त्याचं लहान पोर व्हायचं. जबडा आवळला जायचा. रॅकेटच्या तारा बोटांनी उगाचच सरळ करत बसायचा. तो चेहरा दिसला की भिंतीच्या हाताला बरोबर कळायचं. फोरहँडला, कंबरेच्या उंचीवर, ना जोरात ना हळू, असा एकेक चेंडू तो देत राहायचा, आणि प्रत्येक चांगल्या फटक्याला तोंडानं म्हणायचा, "हां! हाच!" थोड्या वेळात चॅम्पियनचा जबडा सैल पडायचा, खांदे खाली यायचे आणि तो हसत हसत मॅचला निघून जायचा. या कामात भिंतीचा हात धरणारा कोणी नव्हता.

एका माणसाला मात्र हे काम कधीच पटलं नाही. ते म्हणजे त्याचे बाबा.

बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. उभा जन्म लिफ्टच्या यंत्राला कान लावून काढलेला, त्यामुळे कान असे की शेजारच्या घरात चमचा पडला तरी कोणता पडला ते सांगतील. कंपनीच्या गोदामाच्या मागच्या भिंतीवर त्यांनी खडूनं नेटच्या उंचीची रेघ मारली आणि पोराला तिच्यासमोर उभं केलं. स्वतः कधी रॅकेट धरली नव्हती. पालथ्या डब्यावर बसून ते नुसते ऐकायचे आणि म्हणायचे, "हा उशिरा लागला. हा बरा. हा पुन्हा मार." या असल्या शाळेतून पोरगा विसाव्या वर्षी एका मोठ्या स्पर्धेच्या पहिल्या फेरीत गेला आणि तिथं त्यानं एका बड्या खेळाडूकडून पहिला सेट हिसकावून घेतला. पुढचे सेट गेले, मॅच गेली, पण वर्तमानपत्रांनी फोटो छापला. बाबा त्या दिवशी हजर होते. घरी येताना वाटभर एक शब्द बोलले नाहीत, आणि जिना चढताना एकदम हसून म्हणाले, "पुढच्या वेळी आपण जिंकणार बरं का."

पुढची वेळ काही आली नाही. पाच-सहा वर्षं छोट्यामोठ्या स्पर्धांत गेली, मग खांदा निखळला, शस्त्रक्रिया झाली, वर्ष गेलं. खांदा बरा झाला तेव्हा चॅम्पियनच्या प्रशिक्षकाचा फोन आला. दोन महिन्यांसाठी कोणीतरी हवंय म्हणे. त्या दोन महिन्यांची आठ वर्षं झाली.

सुरुवातीला त्यानं बाबांना सराव बघायला बोलावलं होतं. विमान, हॉटेल, सगळी सोय चॅम्पियनकडून. बाबा म्हणाले, "मॅच असेल तेव्हा सांग, येईन." पुन्हा बोलावलं, पुन्हा तेच उत्तर. फोनवर विचारायचे, "ते तुझं जे काय चाललंय ते बरं चाललंय ना?" एकदा तो चिडून म्हणाला, "बाबा, ते काम आहे माझं. काम म्हणा ना त्याला!" पलीकडे बाबांनी ताईकडे फोन दिला. आठ वर्षांत त्यांच्या तोंडून तो शब्द निघाला नाही.

मनातल्या मनात मात्र तो बाबांच्याच बाजूचा होता, हे त्याला कधी कबूल करता आलं नाही. परदेशातल्या एकसारख्या हॉटेलांतल्या एकसारख्या खोल्यांत पडल्या पडल्या तो स्वतःला एक गोष्ट सांगत आला होता: आपण खेळाडू आहोत, फक्त सध्या खेळत नाही. खांद्यानं घात केला, नाहीतर दाखवलं असतं. या एका वाक्यावर त्यानं आठ वर्षं काढली. लग्नाचा विषय निघाला तरी हेच, चॅम्पियन त्याचा वाढदिवस विसरला तरी हेच.

मग चॅम्पियननं निवृत्ती घेतली. भर स्टेडियममध्ये रडत रडत सगळ्यांचे आभार मानले. प्रशिक्षक, डॉक्टर, बायको, मालिश करणारा, स्वयंपाकी, झालंच तर घरचं कुत्रं. भिंत खेळाडू आत येतात त्या बोगद्याच्या तोंडाशी टॉवेल धरून उभा होता. कुत्र्याच्या नावानंतर आपलं येईल म्हणून तो जरा पुढेही सरकला होता.

तो घरी आला तेव्हा बाबांचे डोळे निम्मे गेलेले. साखरेनं आतून पोखरले होते. समोरचं माणूस मधोमध पुसल्यासारखं दिसे, कडेचं तेवढं दिसे, म्हणून बाबा कुणाकडेही मान वाकडी करून बघायचे. ताई एका दवाखान्यात एक्स-रे काढायची आणि बाबांचं सगळं तीच बघायची. तिनं त्याला स्वयंपाकघरात गाठून सांगितलं, "डॉक्टर म्हणतात, वर्ष संपेपर्यंत नुसता उजेड-अंधार तेवढा कळेल. जे काही दाखवायचं असेल ते दाखवून घे रे आता."

तिच्या बोलण्याचा रोख त्याला कळला. गावातल्या स्पर्धेचा सेक्रेटरी त्याच्या जुन्या ओळखीचा. मुख्य स्पर्धेत स्थानिक खेळाडूसाठी एक जागा राखीव होती आणि तिच्यासाठी दोघांत एक मॅच व्हायची. त्यातला एक ठरला होता. बावीस वर्षांचा, ताडमाड उंच, सगळे त्याला लंबू म्हणत. दुसरा पाय मुरगळून बसला होता. भिंतीनं फोन केला. सेक्रेटरी आधी हसला, मग म्हणाला, "खरंच म्हणतोयस? ये मग."

संध्याकाळी बाबा खिडकीशी बसले होते. तो म्हणाला, "बाबा, मॅच आहे."

"कुणाची?"

"माझी."

बाबांनी मान वाकडी करून त्याच्याकडे बघितलं. मग उठून, दार चाचपत आत गेले आणि कपाटातून इस्त्रीचा शर्ट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला. मॅच अजून तीन आठवडे लांब होती. ताईनं तोंडावर हात दाबून हसू आवरलं. तिचे डोळे भरले होते.

ते तीन आठवडे घरात कुणी मोठ्यानं बोललंसुद्धा नाही, इतका सगळ्यांनी जीव मुठीत धरला होता. गोदाम पाडून तिथं मोटारी ठेवायची जागा झाली होती, तेव्हा बाबा गावातल्या टेनिस क्लबच्या मागच्या भिंतीशी खुर्ची टाकून बसायचे. "उशिरा लागला. हा बरा. पुन्हा." लंबूचा खेळ त्यांनी ताईच्या मोबाइलवरून ऐकला. बघणं शक्य नव्हतं, पण ऐकून म्हणाले, "फोरहँड दणदणीत आहे. बॅकहँडला आवाज फाटतो पोराचा. तिथंच मार, दुसरीकडे बघू नकोस." जेवताना तेच, चालताना तेच. भिंतीचं वय, गुडघा, आठ वर्षांचा गंज, यातलं काही त्यांनी विचारलं नाही. एकदाच, चपला घालताना म्हणाले, "जिंकायलाच हवं असं नाही. पण मॅच खेळ."

मॅच दुपारची होती. छोटं स्टेडियम, त्यातही निम्म्या खुर्च्या रिकाम्या. ताई बाबांना घेऊन पहिल्या रांगेत बसली. बाबांनी तोच शर्ट घातला होता.

सुरुवातीला वॉर्म-अप. त्यात दोघांनी एकमेकांना सोपे चेंडू द्यायचे, ही रीतच आहे. भिंतीचा हात जणू माहेरी गेला. लंबू नेटशी येऊन मनापासून म्हणाला, "काय सुरेख बॉल येतो हो तुमचा!" भिंत हसला.

खेळ सुरू झाला आणि सगळं ठरल्यासारखं घडलं. बॅकहँड, बॅकहँड, पुन्हा बॅकहँड. लंबूचे चेंडू जाळ्यात, नाहीतर रेघेबाहेर. पहिल्या सेटमध्ये तीन-एक अशी आघाडी झाली. पुढच्या गेमआधी भिंतीनं वर पाहिलं. बाबा मान वाकडी करून बसले होते आणि त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात ते जिन्यावरचं हसू होतं. पंधरा वर्षांनी दिसलेलं. त्याच्या अंगात दहा हत्तींचं बळ आलं.

पाचव्या गेमला लंबू सर्व्हिस करायला उभा राहिला आणि भिंतीनं त्याचा चेहरा पाहिला. जबडा आवळलेला. बोटांनी तारा सरळ करतोय. एकदा केल्या, दोनदा केल्या, पुन्हा करतोय. पोरगा घाबरला होता.

चेंडू आला. रॅली लांबली. आणि भिंतीच्या हातानं, त्याला न विचारता, एक चेंडू दिला. फोरहँडला, कंबरेच्या उंचीवर, ना जोरात ना हळू. लंबूनं तो असा हाणला की मागच्या पडद्यावर धप्पकन आवाज झाला.

"हां! हाच!" भिंत म्हणाला.

अख्ख्या स्टेडियमला ऐकू गेलं. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं, लोकांना वाटलं टोमणा मारला. पंच खुर्चीतून वाकला. "काही म्हणालात?"

"नाही."

लंबू हसला नव्हता. त्याचा जबडा सैल पडला होता. भिंतीला ते दिसलं आणि त्याच्या अंगावर सर्रकन काटा आला, कारण त्याच क्षणी त्याला बरं वाटलं होतं. काम चोख झाल्यावर वाटतं तसं.

पुढच्या चेंडूला त्यानं दात ओठ खाऊन बॅकहँडच धरला. तो लागलाही. पण रॅली चार-पाच फटक्यांच्या पुढे गेली की हात आपल्या मालकाला विसरायचा. डोकं ओरडायचं डावीकडे, हात द्यायचा उजवीकडे. आणि लंबू काय, तरणाताठा पोरगा! त्याला असे चेंडू जन्मात कुणी दिले नव्हते. तो फुलत गेला. तीन-एकचा सेट तीन-सहा होऊन संपला.

खुर्चीत बसून भिंत टॉवेलमध्ये तोंड खुपसून बसला. वरच्या कठड्यावरून ताई वाकली आणि दबक्या आवाजात म्हणाली, "अरे, काय चाललंय काय? त्याच्या आवडीच्या जागी कशाला देतोस?"

"मी देत नाहीये, ताई."

"मग कोण देतंय?"

त्यानं बाबांकडे बघितलं. बाबांनी मान सरळ केली होती. सरळ मानेनं त्यांना काही दिसत नाही, हे दोघा भावंडांना ठाऊक होतं. ते आता बघत नव्हते, नुसते ऐकत होते. फटका कुठे बसतोय, कुणाचा बसतोय, किती मजेत बसतोय, सगळं त्या कानांत उतरत असणार. त्याला वाटलं, आत्ताच्या आत्ता जाऊन ते कान आपल्या दोन्ही हातांनी झाकावेत.

दुसऱ्या सेटमध्ये त्यानं जिवाच्या आकांतानं हाताशी झुंज घेतली. लंबूशी खेळायला मग उरलाच कोण? मुद्दाम बॅकहँडला मारायचा तर चेंडू रेघेबाहेर जायचा. जोर काढायचा तर जाळ्यात. फक्त एकाच जागी चेंडू अचूक जायचा, आणि ती जागा लंबूची होती. खांदा मुळीच दुखत नव्हता. ते त्याच्या हळूहळू लक्षात आलं. खांदा ठणठणीत होता. खांदा बरा होऊन आठ वर्षं झाली होती. परत यायचं असतं तर तो केव्हाच आला असता. पण दुसऱ्याला जिंकायला लावण्यात त्याला जे सुख मिळत होतं, ते स्वतः जिंकण्यात कधी मिळालं होतं का, हे त्याला आठवेना. "सध्या खेळत नाही" हे वाक्य त्यानं पुन्हा मनात म्हणून पाहिलं. त्यात आता काहीच जीव राहिला नव्हता.

शेवटी त्यानं झुंज सोडली. हात आपला देत राहिला, लंबू मारत राहिला. पाहणाऱ्यांना मजा आली, टाळ्या पडल्या. सर्वांत शेवटचा चेंडू इतका सुंदर दिला होता की तो त्यानं दिला की हातानं, हे विचारण्यात अर्थ नव्हता. यावेळी तो तोंडानं काही बोलला नाही. पण ओठ हलले.

नेटशी हात मिळवताना लंबूचा चेहरा उजळला होता. त्यात टिंगल नव्हती, तसं असतं तर बरं झालं असतं. "दादा, खोटं नाही सांगत, इतका बॉल मला आयुष्यात कधी लागला नव्हता. परवा माझी पहिली फेरी आहे, कोणीतरी तगडा समोर येणार. उद्या सकाळी जरा वेळ याल का? आणि परवा मॅचच्या आधी अर्धा तास?"

"किती वाजता?" भिंतीनं विचारलं.

शब्द तोंडातून निघाले आणि मग त्याला ऐकू आले.

"उद्या आठला? चालेल?"

"चालेल."

ही बोलणी पहिल्या रांगेपासून हाकेच्या अंतरावर झाली. तो वर आला तेव्हा बाबा काठीवर दोन्ही हात ठेवून बसले होते. ताई पिशवीत पाण्याची बाटली कोंबत होती, ती आधीच कोंबलेली होती तरी. मग ती म्हणाली, "ऊन फार होतं नाही आज?"

गाडी ताईनं चालवली. बाबा पुढे, तो मागे, रॅकेटची बॅग मांडीवर. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा बाबा समोरच्या काचेकडे तोंड ठेवून म्हणाले, "मी तुला म्हटलं होतं, मॅच असेल तेव्हा सांग."

"हो बाबा."

आवाजात राग नव्हता. रागाची तयारी त्यानं केली होती, रागावर बोलायला त्याच्याकडे आठ वर्षांचा साठा होता. तो सगळा साठा तसाच राहिला. ताईनं आरशातून त्याच्याकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली.

घरी आल्यावर त्यानं बाबांना हात दिला. जिना चढताना बाबा प्रत्येक पायरीला पाय चाचपत होते. मधल्या वळणावर दम खायला थांबले. पंधरा वर्षांपूर्वी, पुढच्या वेळी आपण जिंकणार, असं म्हणाले होते ते इथंच, याच कठड्याला धरून. त्याला वाटलं, आता ओरडतील. ओरडा, बाबा. तोंडात मारा, पण ओरडा.

बाबांनी मान वाकडी केली. कडेच्या उरल्यासुरल्या नजरेनं त्याला पायांपासून डोक्यापर्यंत पाहून घेतलं.

"उद्या किती वाजता जायचंय त्या मुलाकडे?"

"आठला."

"मग लवकर जेव आणि झोप." बाबांनी त्याच्या दंडावर हलकेच थोपटलं आणि वरची पायरी पायानं शोधली. "कामावर उशीर करू नकोस."